विश्वासाने तारण, पण विश्वास कुणाच्या हातात?

ओसरी

दुसऱ्या धाग्यावर विषयांतर फार व्हायला लागलं म्हणून हा वेगळा काढते. तिथले प्रतिसाद इथे पुन्हा टाकले तरी चालतील.

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौल इफिसच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो (इफिसकरांस २:८-९) की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे आहे. ते देवाचं दान आहे, कर्माचं फळ नाही, म्हणजे कुणाला बढाई मारायला जागा नको. इथवर ठीक. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने आपल्याला निवडलं. निवड आधीच झालेली, विश्वासही दान, मग 'विश्वासाने तारण' याला अर्थ काय उरला? सरळ 'निवडीने तारण' म्हणावं. बरं, विश्वास माझा मी ठेवला म्हणावं, तर तेही एक कर्मच झालं आणि बढाई मागल्या दाराने आत आली.

तीन विधानं शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळ्यांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा आहे (१ तीमथ्य २:४). देवाने मनात आणलं तर त्याला अडवणारं कुणी नाही. तरी सगळ्यांचं तारण होत नाही. यातली कुठलीही दोन धरा, तिसरं निसटतं. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याच्या परंपरेतले पहिल्याला मुरड घालतात: 'सगळे' म्हणजे सगळ्या प्रकारचे लोक. त्याच परंपरेत शिकून तिच्याशी वाद घालणारा आर्मिनियस, त्याच्या वाटेने जाणारे दुसऱ्याला: नकाराची मोकळीक देवाने आपणहून दिली आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनसारखे थोडे लोक तिसरंच सोडतात आणि शेवटी सगळं पुन्हा देवाकडे परतेल अशी आशा धरतात.

माझं मत आधीच सांगून ठेवते, म्हणजे हाणामारी लवकर सुरू होईल. माणसाला इच्छा आहे की नाही यावर हे भांडण नाहीच. आहे हे कॅल्विनवाले आणि आर्मिनियसवाले दोघांनाही मान्य आहे. कृपा दारात आली तर तिला परत पाठवता येतं का, एवढाच वाद आहे.

तिऱ्हाईत

मी या धर्माचा नाही, खरं तर कुठल्याच नाही. बाहेरून बघता हे कपाळावरच्या रेघेसारखंच वाटतं. सगळं आधीच ठरलेलं तर उपदेश कशाला, प्रार्थना कशाला? आणि शिक्षा तर कशालाच?

खडूस मास्तर

तिऱ्हाईत, कपाळावरची रेघ आणि हे यात एक मोठा फरक आहे. रेघेमागे कुणी नसतं. इथे निवडणारा कुणीतरी आहे, आणि तो प्रेमळ आहे असं सांगितलं जातं. म्हणूनच प्रश्न जास्त बोचतो. नशिबाला जाब विचारता येत नाही, याला विचारता येतो. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौल स्वतःच तो जाब मांडतो: मग देव दोष का लावतो, त्याच्या इच्छेला कोण विरोध करणार? आणि उत्तर म्हणून कुंभार-मातीचा दाखला देऊन विचारणाऱ्यालाच गप्प करतो. मला ते उत्तर कधी पुरेसं वाटलं नाही, पण प्रश्न त्याने टाळला नाही हे खरं.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या वादात सगळे हवेत काठ्या फिरवतात. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन (३५४-४३०) याने आपल्या आत्मनिवेदनात देवाला म्हटलं होतं: तू जे सांगतोस ते करण्याचं बळ दे, मग वाटेल ते सांग. रोममध्ये एका बिशपने ही ओळ पेलागियससमोर म्हणून दाखवली तर त्याला ती सहन झाली नाही. पेलागियस म्हणजे कुणी दुष्ट माणूस नव्हे. ब्रिटनकडून आलेला, कडक आचरणाचा. त्याचं म्हणणं, आज्ञा दिली याचाच अर्थ ती पाळता येते. बळही देवानेच द्यायचं तर लोक आळशी होतील, पाप करून हात वर करतील. ऑगस्टिनचं म्हणणं, माणूस हवं ते करायला मोकळाच आहे, पण आदामापासून त्याला हवं तेच वाकडं आहे. इच्छा शाबूत, ओढ बिघडलेली.

४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण फेटाळली. त्याहून रोचक आहे ती ५२९ ची ऑरेंजची परिषद. विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते हे तिने मान्य केलं, आणि त्याच वेळी असंही बजावलं की देवाने कुणाला वाईटासाठी नेमलं असं कुणी म्हणत असेल तर त्याचा आम्ही धिक्कार करतो. म्हणजे अर्धा ऑगस्टिन घेतला आणि अर्धा कपाटात ठेवला. नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या मठवासीयाने तो अर्धा बाहेर काढला, तारणासाठी नेमणूक आहे तशी नाशासाठीही आहे म्हणाला. ८४९ मध्ये त्याला फटके मारले, स्वतःचं लिखाण स्वतःच्या हाताने जाळायला लावलं, आणि उरलेलं आयुष्य मठाच्या कोठडीत गेलं.

चकवा

यावर आपल्याकडे मार्जारन्याय आणि मर्कटन्याय आहेतच की. मांजर पिलाला मानेला धरून उचलते, पिलू काही करत नाही. माकडाच्या पिलाला मात्र आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहावं लागतं. कॅल्विन मांजरवाला, आर्मिनियस माकडवाला. मिटला वाद.

ओसरी

@चकवा, मिटला नाही. मांजरवाले एवढंच सांगतात की पिलाला काही करावं लागत नाही. मांजर काही पिलं नेते आणि काही तिथेच ठेवते, का? कॅल्विनला लोक शिव्या देतात त्या मागे राहिलेल्या पिलांवरून, उचललेल्यांवरून नाही. आणि आर्मिनियस माकडवाला नाहीच. त्याच्या मते पिलाला धरण्याची ताकदही आईच देते. पिलू फक्त हात सोडू शकतं.

रानजाई

मी कॅल्विनच्या परंपरेतल्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढले, म्हणून थोडं आतून. लोकांना वाटतं आमच्याकडे दर रविवारी कोण निवडलेलं आणि कोण टाकलेलं यावर प्रवचन होतं. तसं काही नसतं. कॅल्विनच्या ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत हा विषय तिसऱ्या खंडात येतो, विश्वास, पश्चात्ताप आणि प्रार्थना यांवर शेकडो पानं झाल्यावर. देव कोण आहे हे सांगतानाच तो हे मांडत नाही. आधी कृपा भोगलेल्या माणसाने मागे वळून विचारलं की 'हे मला कसं मिळालं?', तर त्याचं हे उत्तर आहे. त्याचा सहकारी बेझा याने मात्र तक्ताच काढला: वर देवाचा निर्णय, खाली दोन फांद्या, एक तारणाकडे, एक नाशाकडे. एकदा तक्ता झाला की माणूस पहिलं काम काय करतो? त्यात स्वतःचं नाव शोधतो.

हा निर्णय भयंकर आहे हे कॅल्विनने लिहून कबूल केलंय, हेही नोंदवते. त्याला आनंद होत होता असं नाही.

मुक्काम पोस्ट

लूथरला का वगळता सगळे? १५२४ मध्ये इरॅस्मसने स्वतंत्र इच्छेच्या बाजूने लिहिलं, १५२५ मध्ये लूथरने इच्छा बंदिवान आहे म्हणून उत्तर दिलं, कॅल्विन तेव्हा शाळकरी वयाचा होता. त्या पुस्तकाच्या शेवटाकडे लूथर इरॅस्मसचे चक्क आभार मानतो: बाकीचे पोप, शुद्धिस्थान, पापक्षमापत्रं यांवरून माझं डोकं खात होते, तू एकट्याने मुळावर घाव घातलास. म्हणजे लूथरच्या लेखी प्रोटेस्टंट सुधारणेचं मूळ पापक्षमापत्रांत नव्हतं, इथे होतं. शाळेच्या पुस्तकांत मात्र दारावर ठोकलेला कागदच येतो.

पुढे लूथरन मंडळ्यांनी १५७७ च्या आपल्या विश्वास-जाहीरनाम्यात गंमत केली. तरला तो केवळ देवामुळे, बुडाला तो केवळ स्वतःमुळे. तारणासाठी निवड आहे, नाशासाठी निवड नाही. हिशोब जुळत नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण जुळवायचा नाही असं त्यांनी ठरवलं आहे. मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

खडूस मास्तर

> हिशोब जुळवायचा नाही असं त्यांनी ठरवलं आहे

परीक्षेत असं लिहिलं तर मी शून्य देईन. 🙂

ओसरी

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण आर्मिनियसबद्दल फार गैरसमज आहेत. तो जिनिव्हात बेझाच्या हाताखाली शिकलेला, १६०३ पासून हॉलंडमधल्या लायडनला प्राध्यापक. १६०९ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बाजूच्या पाळकांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. ती कलमं मुद्दाम नीट वाचा. तिसऱ्यात लिहिलंय की माणसाजवळ स्वतःची अशी तारक शक्ती नाही, देवाकडून आतून नवा जन्म झाल्याशिवाय त्याला खरं चांगलं काही करता येत नाही. चौथ्यात, कृपेशिवाय सुरुवात नाही, वाढ नाही, शेवट नाही. फक्त ती अनिवार नाही. पेलागियसने यावर सही केली नसती. आणि पाचव्यात, विश्वासात आलेला माणूस पुन्हा गळू शकतो का, यावर ते म्हणतात की शास्त्रातून आणखी तपासल्याशिवाय आम्ही खात्रीने शिकवणार नाही. ज्यांना बंडखोर म्हटलं गेलं त्यांची भाषा ही अशी.

उत्तरादाखल हॉलंडमध्येच डॉर्टची परिषद भरली, नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९. पाच मुद्द्यांचं कॅल्विनमत म्हणून आज जे ओळखलं जातं ते या पाच कलमांना दिलेलं उत्तर आहे, कॅल्विनच्या मताचा सारांश नव्हे. पण डॉर्टचा मजकूरही वाचा. कृपा माणसाला लाकूड-दगडासारखं वागवत नाही, त्याची इच्छा काढून घेत नाही, तिला जिवंत करते, बरी करते, वळवते, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

म्हणजे एक म्हणतो कृपा इच्छेला बरी करते आणि बरी झालेली इच्छा 'हो' म्हणतेच. दुसरा म्हणतो बरी करते, आणि बरी झालेली इच्छा 'नाही'ही म्हणू शकते. अंतर एवढंच आहे.

तिऱ्हाईत

एवढ्याशा अंतरासाठी माणसं मारली?

मुक्काम पोस्ट

मारली, पण नुसत्या त्यासाठी नाही. स्पेनशी १६०९ मध्ये झालेला तह टिकवायचा की पुन्हा लढायचं, आणि मंडळीवर प्रांतांचा अधिकार चालणार की नाही, हे भांडण त्यात मिसळलेलं होतं. तह घडवणारा मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्ट निवेदनवाल्यांच्या बाजूला, राजपुत्र मॉरिस त्यांच्या विरोधात. परिषद संपता संपताच, १३ मे १६१९ ला, एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेवेल्टचं हेगमध्ये डोकं उडवलं. सुमारे २०० पाळकांना पदावरून काढलं. त्याच खटल्यात जन्मठेप झालेला ग्रोशियस १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून किल्ल्यातून पळाला. पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून नाव झालं. अवांतर आहे, पण राहवलं नाही.

पाचवा कोपरा

कॅथलिक बाजू राहिली. आमच्याकडेही हाच वाद पेटला होता, फक्त फूट पडली नाही. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं की देवाने हलवलेली इच्छा त्याला साथ देते, आणि मनात आणलं तर नकारही देऊ शकते. पण साथ कशी, ते सांगितलं नाही. त्यावरून जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन कॅथलिक संघ भिडले.

जेझुइट मोलिना (१५८८) म्हणाला, कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत काय करेल हे देवाला ठाऊक असतं, न घडलेल्या गोष्टींचंही. शास्त्रात दाखला आहे. १ शमुवेल २३ मध्ये दावीद कईला गावात असताना देवाला विचारतो: शौल इथे येईल का? येईल. गावकरी मला त्याच्या हवाली करतील का? करतील. दावीद गाव सोडतो, शौल येत नाही, कुणी कुणाला हवाली करत नाही. म्हणजे देवाने जे सांगितलं ते घडलंच नाही, तरी ते खरं होतं. अशा ज्ञानाच्या जोरावर देव जगाची मांडणी करतो, माणूस त्यात मोकळेपणाने वागतो, आणि तरीही सगळं देवाच्या योजनेप्रमाणे होतं. डॉमिनिकन म्हणाले, मग देव माणसाच्या निर्णयावर अवलंबून राहिला. जेझुइट म्हणाले, तुम्ही तर वेषांतर केलेले कॅल्विन आहात.

रोमला चौकशी अनेक वर्षं चालली. १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने निकाल न देताच ती संपवली. दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही, निर्णय योग्य वेळी कळवू. ती योग्य वेळ अजून आलेली नाही.

रानजाई

पाचवा कोपरा, प्रतिसाद आवडला. पण मोलिनाची हीच युक्ती त्याच्यावर उलटते. मत्तय ११:२१ बघा. खोराजिना आणि बेथसैदा यांना येशू म्हणतो, तुमच्यात झाले ते चमत्कार सोर-सिदोनात झाले असते तर त्यांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता. छान. देवाला हे माहीत होतं. मग तिथे ते चमत्कार का झाले नाहीत? ज्या परिस्थितीत मी विश्वास ठेवला असता ती मला दिलीच नाही, तर मी मोकळा असून काय उपयोग?

खडूस मास्तर

रानजाई, हा वार जबरदस्त आहे, पण तो तुमच्याही बाजूला लागतो. त्याच वचनात येशू दोन गावांना दोष देतोय, आणि तो खरा दोष आहे, नाटक नाही. नकार त्यांचा आहे.

असंच मिसरचा राजा फारो याचं. निर्गम या पुस्तकात कधी फारो आपलं मन कठीण करतो (८:१५, ८:३२), कधी परमेश्वर त्याचं मन कठीण करतो (९:१२, १०:२०). पीडा सुरू झाल्यावर क्रम बघितला तर आधी स्वतः फारो, आणि सहाव्या पीडेच्या वेळी पहिल्यांदा परमेश्वर. यावरून आर्मिनियसवाले म्हणतात, बघा, त्याने स्वतः निवडलं, देवाने फक्त शिक्कामोर्तब केलं. लगेच कॅल्विनवाले ४:२१ वर बोट ठेवतात: मोशे अजून मिसरात पोचलेलाही नाही, आणि देव सांगतोय की मी त्याचं मन कठीण करीन. दोघांचीही वचनं पाठ असतात, एकमेकांची सोडून.

चकवा

पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स या सगळ्यात कुठे?

पाचवा कोपरा

बाजूला उभे. त्यांनी ऑगस्टिनचा वारसा तसा घेतलाच नाही; कृपा आणि माणसाची इच्छा दोघं मिळून काम करतात ही त्यांची जुनी शिकवण. कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू सिरिल लुकारिस याच्या नावाने १६२९ मध्ये कॅल्विनच्या वळणाचा विश्वास-जाहीरनामा निघाला होता, १६७२ च्या जेरुसलेम परिषदेने ती शिकवण साफ नाकारली.

रानजाई

मला खरं वेगळंच बोलायचंय. वरचा वाद अभ्यासकांचा आहे. मंडळीतल्या साध्या माणसाचा प्रश्न एकच असतो: मी निवडलेल्यांत आहे का, हे मला कसं कळणार? मी तेरा-चौदा वर्षांची असताना याच भीतीने रात्र रात्र जागले आहे. प्रार्थना केली की वाटायचं, ही खरी की निवड नसलेल्याची नक्कल? ही भीती वाचून कुणाला हसू येईल, पण ती आतून येते तेव्हा तिला तळ नसतो.

इंग्रज कवी विल्यम कूपर याचं उदाहरण आहे. त्याने लिहिलेली भक्तिगीतं आजही गायली जातात. १७७३ मध्ये देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे अशी त्याची समजूत झाली आणि १८०० मध्ये मरेपर्यंत ती गेली नाही. कृपा सगळ्यांसाठी खरी, फक्त माझ्यासाठी नाही. तो मनाने आजारी होता, त्याचं खापर शिकवणीवर फोडणं बरोबर नाही. पण आजाराला शब्द कुठून मिळाले ते दिसतं.

याचा विचार डॉर्टने केला नव्हता असं नाही. पहिल्याच प्रकरणात लिहिलंय की देवाच्या गुप्त गोष्टींत नाक खुपसून निवड शोधू नका. ख्रिस्तावरचा विश्वास, पापाबद्दलचं दुःख, नीतिमत्त्वाची भूक आपल्यात आहे का ते बघा. आणि ज्याला यातलं काही जोरकस जाणवत नाही त्याने देवाने टाकलेल्यांचा विषय निघाला तरी घाबरू नये, उपासना चालू ठेवावी. सुंदर आहे. पण व्यवहारात काय होतं, माणूस आपली भूक मोजत बसतो. कालच्यापेक्षा आज कमी आहे का? समाजशास्त्रज्ञ वेबरने १९०४-०५ मध्ये मांडलेली भांडवलशाहीची सगळी उपपत्ती याच काळजीवर उभी आहे: खूण शोधणारा माणूस शेवटी आपल्या कामातल्या यशात ती शोधतो. इतिहासकारांनी तिच्यावर बरेच आक्षेप घेतलेत, पण ही काळजी खरी आहे, एवढं मी स्वतःवरून सांगते.

कॅल्विनचं उत्तर मला जास्त पटतं. निवड स्वतःत शोधू नका, ख्रिस्त हा तिचा आरसा आहे, तिथे बघा. तेरा-चौदाव्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ओसरी

रानजाई, लिहिलंत ते बरं केलंत. एक जोडते. दुसऱ्या बाजूलाही शांत झोप लागते असं नाही. कृपा नाकारता येते म्हटलं की उद्या मीच नाकारली तर, ही धास्ती येते. इब्री ६:४-६ वाचून अशी झोप उडालेले लोक मला माहीत आहेत. एकाला भीती की देवाने धरलंच नसेल, दुसऱ्याला भीती की आपलाच हात सुटेल.

मुक्काम पोस्ट

याकोबाचं पत्र कुणीच काढलं नाही अजून. 'विश्वासाने तारण' शीर्षकात आहे आणि याकोब २:२४ नाही? केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो, असं स्पष्ट आहे. आणि रोमकरांस ३:२८ बरोबर याच्या उलट.

ओसरी

दोघं अब्राहामाचंच उदाहरण घेतात हे पाहिलंत का? पौल रोमकरांस ४ मध्ये उत्पत्ती १५ वर उभा आहे: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणलं गेलं. तेव्हा त्याला मूल नव्हतं, सुंता नव्हती, केलेलं काही नव्हतं. याकोब उत्पत्ती २२ वर उभा आहे, इसहाकाला वेदीवर ठेवल्याच्या प्रसंगावर. मध्ये कितीतरी वर्षं गेलीत. याकोब म्हणतो, पंधराव्या अध्यायातला विश्वास बाविसाव्यात पूर्ण झाला. पौलाचा वाद कर्मांवर हक्क सांगणाऱ्यांशी आहे, याकोबाचा 'भुतेही विश्वास ठेवतात' अशा कोरड्या विश्वासाशी. लूथरला मात्र हे पत्र गवतकाडीचं वाटलं. मला ते कधीच पटलं नाही.

तिऱ्हाईत

मग इतक्या वर्षांनी कुणी समेट केला की नाही?

पाचवा कोपरा

अर्धा. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि जागतिक लूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात, आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथडिस्ट आले, २०१७ मध्ये कॅल्विनच्या परंपरेतल्या मंडळ्यांचा जागतिक महासंघ आला.

गंमत त्या शेवटच्या दोघांत आहे. मेथडिस्टांचा संस्थापक वेस्ली १७३९ मध्ये पूर्वनियुक्तीविरुद्ध (म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच नेमलंय या मताविरुद्ध) इतकं जहाल प्रवचन देऊन बसला की त्याचा जुना मित्र व्हाइटफील्ड याने त्याला जाहीर पत्र लिहिलं, आणि प्रवचन छापावं की नाही हे वेस्लीने चिठ्ठी टाकून ठरवलं होतं तेही त्यात उघड केलं. (देवाने सगळं ठरवलंय हे नाकारणाऱ्याने चिठ्ठी टाकावी!) त्या दोघांचे वारस आता एकाच कागदाला मान्यता देऊन बसलेत. घोषणापत्रात पाप, विश्वास, नियमशास्त्र, तारणाची खात्री, सत्कर्मं या सगळ्यांवर स्वतंत्र भाग आहेत. पूर्वनियुक्तीवर एकही नाही.

खडूस मास्तर

म्हणजे ओसरीच्या पहिल्या परिच्छेदातला प्रश्न तिथेही कुणी विचारला नाही.

रानजाई

विचारला असता तर सह्या झाल्या नसत्या.

@ओसरी, तुमच्या 'अंतर एवढंच' या वाक्याशी मात्र मी असहमत आहे, आणि त्यावर सविस्तर लिहिणार आहे. बरी झालेली इच्छा 'नाही' म्हणू शकत असेल, तर दोघी सारख्याच बऱ्या झाल्या असताना एकीने 'हो' म्हटलं आणि दुसरीने 'नाही', याचं कारण शेवटी पहिलीत काहीतरी जास्त होतं एवढंच उरतं. ते जास्तीचं काय, आणि ते कुणाचं? शनिवारी वेळ आहे, तेव्हा लिहिते. तोवर धागा भरकटू देऊ नका.